फुलपाखराची ओळख आणि छायाचित्राची साक्ष

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यात, मेहकरकडून मालेगावमार्गे पूर्वेस जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर वसलेले डोणगाव हे गाव, आणि त्याच्या भोवतालचा पैनगंगेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचा मुलूख, यांची ख्याती सोयाबीन, कपाशी आणि तूर यांसाठी असली तरी फुलपाखरांसाठी मात्र ती कधी झाली नाही. फुलपाखरे पाहावयाची तर आंबोलीस जावे, कोयनेच्या रानात जावे, फार तर मेळघाटचा घाट चढावा, असा सुशिक्षितांचा सर्वसाधारण समज आहे; आणि ज्या प्रदेशात चार महिने पाऊस व आठ महिने ऊन असा ऋतूंचा शिरस्ता आहे तेथे या नाजूक जीवांचे काय काम, असा प्रश्न स्वतः त्या प्रदेशातील माणसेही विचारतात. हा समज निराधार आहे. शुष्क पठाराची स्वतःची अशी फुलपाखरे आहेत, आणि ती सह्याद्रीच्या ओल्या दाट रानात शोधूनही विरळाच मिळतात: खाकणीच्या झुडपावर वाढणारे सॅमन रंगाचे सॅमन अरब, पंखांच्या टोकाला नारिंगी ठिपका मिरवणारे स्मॉल ऑरेंज टिप, उघड्या माळावरून वाऱ्याच्या वेगाने जाणारे पायोनियर, ही सारी कोरड्या मुलुखाची रहिवासी होत. पाऊस उघडल्यापासून दिवाळीपर्यंतच्या काळात शेताच्या धुऱ्यावर, नाल्याच्या काठी आणि गावठाणालगतच्या पडीक जागेत जो कोणी तासभर स्वस्थ उभा राहील त्याला हे आपोआप पटेल.

मध्य भारतातील फुलपाखरांच्या नोंदी अगदीच झाल्या नाहीत असे नाही. बेथम यांनी मध्य प्रांतातील फुलपाखरांवरील आपले लेख मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १८९०-९१ च्या सुमारास प्रसिद्ध केले. विट यांनी १९०९ साली निमाड जिल्ह्याची यादी दिली. आणि नागपूरच्या संग्रहालयातर्फे द'अब्रू यांची मध्य प्रांताची यादी १९३१ साली छापली गेली. त्यानंतर मोठा खंड पडला. २०११ साली विदर्भाच्या फुलपाखरांची जी शास्त्रीय यादी प्रसिद्ध झाली तीत १६७ जातींची नोंद आहे, आणि ही संख्या ज्यांना या प्रदेशाविषयी काही माहिती नाही त्यांना आश्चर्यकारक वाटल्यावाचून राहत नाही. परंतु या याद्यांचा तपशील पाहिला तर ध्यानी येते की, निरीक्षकांची पावले रेल्वे, छावणी आणि राखीव जंगल यांच्या आसपास अधिक पडली, आणि मेहकर, लोणार, चिखली यांसारख्या शेतीप्रधान तालुक्यांच्या वाट्याला त्यांतला फार थोडा वेळ आला. म्हणून डोणगावच्या मंडळींनी आपल्याच गावच्या धुऱ्यावर केलेली नोंद ही हौशी उपद्व्याप समजून बाजूस सारण्याजोगी गोष्ट नव्हे. ती एका मोठ्या दप्तरातील कोऱ्या राहिलेल्या पानावरची पहिली ओळ ठरू शकते.

जुन्या संग्राहकांची पद्धत आजच्या माणसाला क्रूर वाटेल. जाळीने फुलपाखरू धरावयाचे, विषारी बाटलीत घालावयाचे, पंख पसरून टाचणीने फळीवर टोचावयाचे, आणि खाली चिठ्ठीवर स्थळ व तारीख लिहावयाची. या पद्धतीचा एक मोठा गुण मात्र मान्य केला पाहिजे. टोचलेला नमुना पुढे कधीही हाती घेऊन उलटून पाहता येतो. पन्नास वर्षांनी एखाद्या विद्वानाला शंका आली तर पेटी उघडून तो पंखाची खालची बाजू तपासू शकतो, पायांची रचना पाहू शकतो, भिंग लावून ठिपके मोजू शकतो. छायाचित्र उलटता येत नाही. ज्या क्षणी ज्या बाजूने ते टिपले त्याच बाजूची साक्ष ते देते, आणि दुसऱ्या बाजूविषयी कायमचे मौन पाळते. प्राणहत्या न करता पुरावा जमविण्याचे जे साधन आपल्या पिढीच्या हाती आले आहे त्याची ही मर्यादा ज्याने ओळखली नाही, त्याच्या संग्रहात सुंदर चित्रे पुष्कळ जमतील, परंतु त्यांपैकी किती चित्रांखाली निश्चित नाव लिहिता येईल याविषयी मला शंका आहे. फुलपाखरांचे छायाचित्रण एकट्याने करण्यापेक्षा समूहाने करणे का श्रेयस्कर, याचे उत्तरही याच मर्यादेत आहे.

पंखाची वरची बाजू आणि खालची बाजू या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे नवख्याला प्रथम सांगावे लागते. वरची बाजू बहुधा सोबत्यासाठी किंवा प्रतिस्पर्ध्यासाठी असते. खालची, जी पंख मिटल्यावर जगाला दिसते, ती शत्रूसाठी. आंब्यावरच्या बांडगुळावर वाढणारे कॉमन जेझबेल, ज्याला आपल्याकडे हळदीकुंकू हे अत्यंत समर्पक नाव आहे, ते उडताना पाहिले तर काळ्या शिरांचे एक पांढरे फुलपाखरू एवढेच दिसते. ते बसून पंख मिटते तेव्हा कुठे हळदीचा पिवळा आणि कुंकवाचा लाल रंग प्रकट होतो. निळ्या फुलपाखरांच्या कुळात तर खालच्या बाजूवाचून चालतच नाही. एकदांडीच्या फुलाभोवती जमिनीलगत घुटमळणारी, नखाएवढी, वरून फिकट निळी वा करडी दिसणारी जी ग्रास ब्लू फुलपाखरे डोणगावच्या पडीक जागेत पावलोपावली उठतात, ती एकाच जातीची आहेत असे समजून माणसे पुढे जातात. वास्तविक त्यांत अनेक जाती मिसळलेल्या असतात. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूस, मध्यभागी जो बंदिस्त कप्पा असतो त्यात एक काळा ठिपका असेल तर ते डार्क ग्रास ब्लू किंवा पेल ग्रास ब्लू. तो ठिपका नसेल तर लेसर ग्रास ब्लू. आणि पंखाच्या वरच्या कडेवर ठिपके असून आकार सर्वांत लहान असेल तर टायनी ग्रास ब्लू. मोहरीच्या दाण्याहूनही लहान अशा त्या ठिपक्यावर सारा निकाल अवलंबून असतो. निळ्या पंखांचे उघडे सौंदर्य टिपण्यासाठी अर्धा तास गुडघे टेकून बसलेला माणूस तो ठिपका न घेताच उठला, तर त्याचे श्रम ओळखीच्या दृष्टीने व्यर्थ गेले असेच म्हणावे लागते.

दसरा आणि दिवाळी यांच्या मधल्या एका सकाळी, सोयाबीनची सोंगणी उरकून वावरे मोकळी झालेली आणि तुरीला नुकती फुले येऊ लागलेली असताना, आमची मंडळी डोणगावबाहेरच्या गाडरस्त्याने निघाली होती. मंडळीत शाळामास्तर होते, महाविद्यालयात शिकणाऱ्या मुली होत्या, एक निवृत्त ग्रामसेवक होते, कृषी केंद्र चालविणारा एक तरुण होता; दोघांकडे मॅक्रो लेन्सचे कॅमेरे, बाकीच्यांकडे मोबाइल. धुऱ्यावर रुईची झुडपे दाट माजली होती आणि त्यांच्या पायथ्याशी ओलाव्याच्या जागी घोळीची भाजी पसरली होती. तांबूस नारिंगी रंगाची, पुढच्या पंखाच्या काळ्या टोकावर पांढरा पट्टा असलेली फुलपाखरे तेथे संथपणे फिरत होती, आणि ज्याला थोडीबहुत माहिती होती त्या प्रत्येकाने एकमुखाने सांगितले की हे प्लेन टायगर. रुई ही प्लेन टायगरच्या अळीची खाद्यवनस्पती असल्यामुळे या उत्तरात वावगे काही नव्हते. त्या झुडपाच्या कोवळ्या पानाखाली पांढऱ्या, काळ्या, पिवळ्या पट्ट्यांची आणि पाठीवर मऊ काळ्या शिंगांच्या जोड्या असलेली एक अळीही मुलींना सापडली. तेवढ्यात शेजारच्या वावरातून एक शेतकरी आला आणि थबकून म्हणाला, “काय शोधून राहिले बाप्पा तुम्ही त्या रुईवर? गुरंही तोंड लावत नाहीत तिले.”

त्याच्या बोलण्यात या प्रकरणाचे मर्म होते. रुईच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात म्हणून गुरे तिला तोंड लावीत नाहीत. परंतु प्लेन टायगरची अळी तीच पाने खाते, त्या विषाचा कमी-अधिक अंश स्वतःच्या देहात साठविते, आणि पुढे फुलपाखरू झाल्यावरही तो तिच्यापाशी राहतो. एकदा अशा फुलपाखराला चोच मारून पस्तावलेला पक्षी तो नारिंगी-काळा पोशाख विसरत नाही. प्लेन टायगरची ती संथ, निर्धास्त चाल या संरक्षणामुळेच त्याला परवडते. आता ज्या फुलपाखराच्या अंगी विष नाही, त्याने हाच पोशाख केला तर त्यालाही हे अभय आयतेच मिळेल; आणि नेमके हेच डॅनेड एगफ्लाय या फुलपाखराच्या मादीने केले आहे. तिचा नर अगदी निराळा, काळ्या मखमलीवर जांभळ्या कडांचे पांढरे गोल असलेला; मादी मात्र प्लेन टायगरची हुबेहूब प्रतिकृती. निरुपद्रवी जीवाने विषारी जीवाचे रूप धारण करण्याच्या या प्रकाराचा उलगडा हेन्री वॉल्टर बेट्स यांनी ॲमेझॉनच्या खोऱ्यातील फुलपाखरांच्या आधारे १८६२ साली केला, आणि आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आफ्रिकेत व अन्यत्र प्लेन टायगरचे जे निराळ्या रंगाचे प्रकार आहेत, त्यांचेही अनुकरण या मादीच्या वेगवेगळ्या रूपांनी केलेले आढळते, इतकी ही नक्कल काटेकोर आहे.

त्या सकाळी रुईवरून फिरणाऱ्या फुलपाखरांपैकी एक वारंवार खाली घोळीकडे उतरत आहे, हे ग्रामसेवकांच्या लक्षात आले. ते रुईवर क्षणभर टेकले तरी पानांत रस घेत नव्हते. उतरून घोळीच्या मांसल पानांजवळ पोटाचे टोक वाकवीत होते. आता घोळ ही डॅनेड एगफ्लायची खाद्यवनस्पती आहे, आणि प्लेन टायगर कधी तिच्यावर अंडे घालणार नाही. मंडळींनी छायाचित्रे काढली होतीच. ती बांधावर बसून एकत्र पाहिली. मोठ्या लेन्सने घेतलेले सर्वांत रेखीव चित्र समोरून घेतलेले असल्याने त्यात मागचा पंख झाकला गेला होता. दुसरे मिटल्या पंखांचे, बाजूने. तिसरे एका मुलीने उभ्याउभ्या मोबाइलवर घेतलेले, थोडे हललेले, परंतु वरून घेतलेले होते आणि त्यात चारही पंख उघडे दिसत होते. प्लेन टायगरच्या मागच्या पंखावर, मधल्या कप्प्याच्या कडेने तीन काळे ठिपके असतात, नराला गंधद्रव्याच्या कप्प्याचा चौथा अधिक. एगफ्लायच्या मादीला त्या जागी काही नसते, केवळ पंखाच्या वरच्या कडेला मध्यावर एकच काळा डाग असतो, आणि पंखांची किनार अधिक दंतुर असते. हललेल्या चित्रात डाग एकच होता. वादाचा निकाल लागला तो त्या चित्राने, आणि जे चित्र स्पर्धेला पाठविण्याजोगे होते त्याच्याकडे पुन्हा कोणी पाहिले नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या जुन्या पहिल्या अनुसूचीत या एगफ्लायला स्थान होते, म्हणून या नोंदीचे महत्त्व अधिकच. आणि ती नोंद झाली तीन माणसांनी तीन बाजूंनी एकच फुलपाखरू पाहिले म्हणून.

या नकलेचा आणखी एक नमुना लिंबाच्या बागेत पाहावयास मिळतो. कॉमन मॉर्मन या काळ्या फुलपाखराची मादी कधी नरासारखी असते, कधी कॉमन रोझचे आणि कधी क्रिमझन रोझचे रूप घेते. ही दोन्ही रोझ फुलपाखरे अंगी विष बाळगणारी. नवख्याने येथे पंखांकडे न पाहता देहाकडे पाहावे: रोझचा देह लाल असतो, मॉर्मनचा काळा. एकाच आईच्या पोटी अशी भिन्न रूपे कशी निपजतात, हे कोडे शास्त्रज्ञांना शतकभर पडले होते. ज्यांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण भारतीय द्वीपकल्पाच्या फुलपाखरांवरील पुस्तकाने अनेक तरुणांना या छंदाची गोडी लावली, त्या कृष्णमेघ कुंटे यांनी सहकाऱ्यांसह २०१४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की, नर-मादीभेद ठरविण्याशी संबंधित असलेले डबलसेक्स नावाचे एकच जनुक या साऱ्या वेषांतराचे नियमन करते.

छायाचित्रणाच्या तंत्राविषयी थोडक्यात सांगतो, कारण यंत्राची माहिती विक्रेता देतोच. शंभर मिलिमीटरच्या आसपासची मॅक्रो लेन्स हाताशी असेल तर उत्तम, कारण तीमुळे हातभर अंतर राखूनही पंख भरून दिसतो. ॲपर्चर आठ ते अकराच्या दरम्यान, शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागाहून जलद, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कॅमेऱ्याचे तोंड पंखाच्या पातळीला समांतर, म्हणजे पंखाचे मूळ आणि टोक दोन्ही स्पष्ट येतात. मोबाइलवाल्यांनीही हा शेवटचा नियम पाळला तर त्यांची चित्रे ओळखीला पुरेशी होतात. यापेक्षा महत्त्वाचे आहे ते फुलपाखराच्या देहधर्माचे ज्ञान. फुलपाखराला उडण्यासाठी छातीचे स्नायू तापवावे लागतात, आणि ही उष्णता ते सूर्यापासून घेते. म्हणून सकाळी आठ-साडेआठच्या सुमारास ते पंख पसरून उन्हात बसते आणि जवळ जाऊ देते, तेच अकरानंतर क्षणभरही ठरत नाही. त्याच्या संयुक्त नेत्रांना बारकावा फारसा दिसत नसला तरी हालचाल तत्काळ कळते. माणूस वाकून, सूर्य पाठीशी न घेता, आपली सावली पुढे न पाडता, हळूहळू सरकत गेला तर तो त्याला झाडझुडपासारखाच वाटतो. उभ्याने चार पावले झपाट्याने टाकली की ते गेलेच. लांबून एक चित्र आधी घ्यावे, मग पुढे सरकावे. ते चित्र कितीही लहान दिसो, पुढच्या पावलाला फुलपाखरू उडाले तर तेवढाच पुरावा हाती राहतो.

समूहाने जाताना एक जाबता ठरवून घ्यावा लागतो, आणि त्याच्या बाबतीत मी आग्रही आहे. एका फुलपाखराजवळ एका वेळी एकानेच जावे. बाकीच्यांनी मागे थांबून नुसते पाहावे, ते कोणत्या झाडावर बसले, कोठून आले, पोट वाकवले का, इतर कोणी त्याचा पाठलाग केला का, हे वहीत टिपावे. चित्र मिळाले की मागे येऊन दुसऱ्याला जागा द्यावी. पंख उघडावे म्हणून काडीने डिवचणे, किंवा काही छायाचित्रकार करतात त्याप्रमाणे बर्फात गारठवून सुस्त झालेले फुलपाखरू फुलावर ठेवणे, हे प्रकार आमच्या मंडळींत सर्वथा वर्ज्य आहेत, आणि ज्यांना हा नियम पसंत नाही त्यांनी सोबत येऊ नये. शेतकऱ्याच्या परवानगीवाचून वावरात पाय ठेवू नये. परवानगी असली तरी धुऱ्यावरूनच चालावे, कारण पाचसात माणसांच्या पायाखाली उभ्या तुरीची किती रोपे जातील याचा हिशेब छायाचित्रकाराला नसतो, शेतकऱ्याला असतो. रानात दुपारी फवारणी चालू असेल तर तेथून निघून जावे. आणि शेतकऱ्याशी बोलावे. त्या दिवशी ज्याने रुईची थट्टा केली होती, त्यानेच पुढे तुरीच्या फुलात बसलेली एक हिरवट अळी दाखविली. ती शेंगा पोखरते एवढे त्याला पक्के ठाऊक होते, तिच्यातून पी ब्लू हे लहान शेपटीचे निळे फुलपाखरू निघते हे मात्र तो प्रथमच ऐकत होता. लिंबाच्या पानावर आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी आणि मग हिरवीगार दिसणारी अळी म्हणजे लाइम फुलपाखराचे बाळपण, हेही बागायतदाराला असेच ठाऊक नसते. आपल्या पिकाचा उपद्रव आणि आपल्या अंगणाची शोभा ही एकाच जीवाची दोन वये आहेत, हे कळल्यावर त्याने काय करावे हे सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु त्याने ते जाणावे असे मला मनापासून वाटते.

ऋतूनुसार होणारा पालट हा ओळखीतला आणखी एक अडसर. पीकॉक पॅन्सी या सुंदर नारिंगी फुलपाखराच्या पंखांवर मोराच्या पिसाऱ्यासारखे डोळे असतात. पावसाळ्यात जन्मलेल्या फुलपाखराच्या पंखांच्या खालच्या बाजूलाही हे डोळे असतात आणि किनार गोलसर असते. हिवाळ्या-उन्हाळ्यात जन्मलेल्याची खालची बाजू वाळक्या पानासारखी तपकिरी, एक देठासारखी रेघ असलेली, आणि पंखांची टोके अणकुचीदार होतात. हिरव्या रानात डोळे वटारून पक्ष्याला भेवडावणे आणि वाळलेल्या रानात पाचोळ्यात लपून जाणे, अशा या दोन युक्त्या. ही रूपे इतकी भिन्न आहेत की लिनियसने १७५८ साली त्यांना दोन स्वतंत्र जाती समजून दोन नावे दिली होती. ऑक्टोबरच्या अखेरीस डोणगावच्या परिसरात दोन्ही रूपे एकाच आठवड्यात भेटू शकतात. म्हणून ज्या छायाचित्राखाली तारीख नाही त्याचे मोल निम्म्याने कमी होते, आणि ज्याच्याखाली गावाचे नाव नाही त्याचे त्याहूनही कमी.

दुपारनंतर मंडळी लोणारला गेली. बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर, तळाशी खारट व अल्कधर्मी पाण्याचे सरोवर, आणि भोवतालच्या उतारावर पानझडी रान, हे सारे आता अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीतील पाणथळही आहे. तेथे वनखात्याच्या नियमाबाहेर वागता येत नाही, हे येथे आवर्जून सांगून ठेवतो. सरोवराचे पाणी खारे असले तरी काठावर ‘धार’ नावाच्या झऱ्यासारखे गोड्या पाण्याचे झरे आहेत, आणि झऱ्याच्या ओघळाने जेथे माती भिजलेली राहते तेथे फुलपाखरे चिखलातील ओल शोषण्यासाठी जमतात. पिवळसर पांढरी एमिग्रंट फुलपाखरे दहापंधराच्या घोळक्याने, सोंडा मातीत खुपसून, पंख मिटून एकाच दिशेला तोंड करून बसलेली आम्ही तेथे पाहिली. असे करणारे बहुधा नर असतात. पानांच्या आणि फुलांच्या रसात सोडियम अत्यल्प असते. ओल्या मातीतून ते मिळवून नर मीलनाच्या वेळी मादीला देतो आणि तिच्यामार्फत अंड्यांपर्यंत पोचवितो, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. छायाचित्रकाराला यापेक्षा मोठी पर्वणी नाही, आणि घाईने ती दवडण्याइतके सोपेही दुसरे काही नाही. आमच्यातील एकजण पुढे धावला तेव्हा सारा घोळका उडाला; मग सर्वांनी मागे सरून स्वस्थ बसायचे ठरविले, आणि थोड्याच वेळात एक, मग दोन, मग उरलेली सर्व फुलपाखरे त्याच ओल्या जागी परत आली. एमिग्रंटच्या अळ्या बहाव्यावर आणि आपल्या वऱ्हाडात रस्तोरस्ती माजणाऱ्या तरोट्यावर वाढतात, म्हणून हे फुलपाखरू येथे कधी कमी पडत नाही.

वर टेंभुर्णीच्या झाडांपाशी, उन्हाच्या कवडशात, तांबड्या रंगाचे बॅरोनेट फुलपाखरू जमिनीवर पंख पसरून बसले होते. त्याची अळी टेंभुर्णीची पाने खाते. वनस्पती ओळखणाऱ्याला फुलपाखरू निम्मे ओळखता येते असे मी नेहमी म्हणतो ते याच अनुभवावरून: बोरीच्या झुडपावर काळ्या ठिपक्यांचे पांढरे कॉमन पियरो, एरंडावर कॅस्टर, वड-उंबरावर कॉमन क्रो, आणि चित्रकावर झेब्रा ब्लू. छायाचित्रणाच्या सहलीत वनस्पती जाणणारा एक तरी माणूस असावा, आणि तो नसेल तर प्रत्येकाने फुलपाखराबरोबर ज्या पानावर ते बसले किंवा ज्यावर अंडे घातले त्या पानाचेही चित्र घ्यावे.

संध्याकाळी शाळेच्या एका खोलीत सर्वांनी दिवसाची चित्रे पडद्यावर मांडली. विंटर-ब्लाइथ यांचा १९५७ सालचा ग्रंथ आणि आयझॅक किहिमकर यांचे २००८ सालचे पुस्तक, ही दोन्ही मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीची प्रकाशने, टेबलावर होती. जैवविविधता मंडळाने महाराष्ट्रातील २७७ जातींना मराठी नावे ठरवून दिल्यामुळे विद्यार्थ्यांना ती सांगणेही आता सुलभ झाले आहे. आणि २०१५ साली ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान देऊन महाराष्ट्राने या बाबतीत देशात पहिले पाऊल टाकले, हे तर शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. या बैठकीत सर्वांत कठीण ठरला तो चपळ कुळाचा भाग. तपकिरी रंगाची, आकडेदार स्पर्शिकांची, गवतावर अर्धवट पंख उघडून बसणारी ही स्किपर फुलपाखरे. त्यांतील स्विफ्ट म्हणविणाऱ्या कित्येक जाती चित्रावरून निश्चितपणे वेगळ्या करता येत नाहीत, त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली देहरचना तपासावी लागते. तेथे जातीचे नाव लिहिण्याचा मोह आवरून केवळ गटाचे नाव लिहिले गेले आणि पुढे ‘अनिश्चित’ असा शेरा मारला गेला. मला हा शेरा फार मोलाचा वाटतो. चुकीच्या नावाने एखादी जात जिल्ह्याच्या यादीत शिरली की ती काढून टाकण्यास पुढच्या पिढीला मोठे कष्ट पडतात. रिकामी जागा मात्र कोणीही, कधीही, अधिक चांगल्या चित्राने भरू शकतो.

अशा नोंदी छायाचित्रांसह आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल यांसारख्या सार्वजनिक संग्रहांत दाखल करता येतात, आणि तेथे देशभरातील जाणकार त्या तपासतात. परंतु आणखी एक दप्तर आपल्या दाराशीच आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावी अशी तरतूद आहे. या वह्यांत पिके, झाडे आणि गुरे यांचा तपशील येतो, परंतु फुलपाखरांसाठी राखलेल्या पानावर दोनचार सर्वसामान्य नावांपलीकडे काही लिहिलेले क्वचितच आढळते. डोणगावच्या, मेहकरच्या, लोणारच्या, आणि वऱ्हाडातल्या ज्या ज्या गावी हे प्रकरण वाचले जाईल तेथील शिक्षकांना व तरुणांना माझी विनंती आहे की, येत्या आश्विनात चार मंडळी जमवून आपल्याच शिवारात एक सकाळ घालवावी, प्रत्येक फुलपाखराची वरची आणि खालची बाजू टिपावी, खाली तारीख, वावराचे ठिकाण आणि झाडाचे नाव लिहावे, आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या त्या वहीत नोंदवून घ्यावी.